नाकाने कांदे सोलताना

शिष्यवृत्तीच्या पत्रावर एक लाल बोट उमटलं होतं.
डेटनची माती. लॉर्ना ओस्टरगार्डने
खुडणीच्या मधल्या सुट्टीत सही केली असणार,
हात न धुता.

फी, पुस्तकं, आणि दर आठवड्याला सहा बाटल्या,
लेबलं झाकलेली, जुन्या लोकरी मोज्यांत घालून.
अट एकच, शेवटी, पेनने लिहिलेली:
महिन्यातला एक रविवार एमेटशी बोलायला यावं.

घरी फोनवर सांगितलं, शिष्यवृत्ती मिळाली.
बाबा म्हणाले, कशातली?
मी म्हटलं, फलोद्यान.
तसं खोटं नव्हतं. द्राक्ष हे फळच,
पुढे त्याचं काय होतं एवढंच मी गाळलं.

पोर्टलंडच्या रेस्तराँत रात्री अकरापर्यंत पेले पुसायचे
आणि मग वास पाठ करायचे:
ओला पुठ्ठा, पेन्सिलीचा भुसा, घोड्याचं खोगीर.
खोगिराचा वास मला कुठून ठाऊक?
फ्रान्समधल्या उतारांची नावं नकाशावर बोट फिरवत,
जशा शाळेत नद्या, आणि त्यांच्या उपनद्या.
आई असती तर म्हणाली असती,
नाकाने कांदे सोलायचे पैसे देतात होय तिकडे?
देतात, आई. ओस्टरगार्ड देतात.

एमेटने एकतीस हंगाम वाइन केली.
मग आठवडाभराचा ताप. ताप उतरला,
वास परत आला नाही.
आता तो पेला उजेडात धरतो, रंग पाहतो,
जिभेवर आंबट येतं, तुरट येतं,
सामान हलवलेल्या घरात भिंती दिसाव्यात तसं.
सांग, म्हणतो.

मी पुस्तकातलं सांगते: चेरी, रासबेरी, कुजकी पानं.
हे तर मागच्या लेबलावरही छापलंय, म्हणतो.
मार्चच्या रविवारी माझे शब्द संपले
आणि तोंडून निघालं, करवंद.
ते काय?
काटे, म्हटलं. उतार. देठ तोडला की पांढरा चीक,
बोटं एकमेकांना चिकटतात. आधी आंबट,
गोड फार उशिरा, आणि फ्रॉकवर डाग
ज्यासाठी मी मार खाल्ला होता.
त्याने डोळे मिटले. बराच वेळ.
पूर्वेकडचा तुकडा, म्हणाला. पंपाच्या वरचा.
लॉर्नाने मोजा ओढून काढला
आणि काही न बोलता बाटली त्याच्यासमोर ठेवली.

परीक्षा सेंट लुईसला. सहा पेले, पंचवीस मिनिटं.
पाच ओळखले.
सहाव्याला मी ठणकावून म्हटलं, बर्गंडी,
गाव सांगितलं, उताराची दिशा सांगितली, साल सांगितलं.
निकालानंतर एका परीक्षकाने नियम जरासा वाकवून
कानात सांगितलं, ती ऑरेगनची होती.
डेटनची.
खाल्ल्या मिठाला जागतात लोक,
मला प्यायलेल्या घोटालाही जागता आलं नाही.

विमानात माफीचं वाक्य घोकत आले.
लॉर्ना टाकीत उतरून साली उपसत होती,
मांड्यांपर्यंत जांभळी.
ऐकलं, थांबली, आणि अशी हसली
की एमेट आतून काठी टेकत आला.
बर्गंडी म्हणाली! ती ओरडली. एमेट, आपल्याला बर्गंडी म्हणाली!
कुठलं गाव? त्याने विचारलं.
मी सांगितलं. तो पायरीवर बसला.
पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा.

यंदाचं पत्र काल आलं.
लाल बोट नाही. पावसाळी दिवस असेल, हात धुतलेले.
फी तीच, अट तीच,
आणि खाली एमेटच्या थरथरत्या अक्षरात
एक शब्द, ऐकून ऐकून लिहिलेला: कारावांडा.
बी मिळेल का कुठे? पंपाशेजारी हातभर जागा आहे.

बाबांनाच विचारावं लागेल.
मग तेही विचारतील,
कुठे लावायचंय, कुणाच्या रानात,
आणि शेजारी काय आहे.